फोटोवाल्यानं आमटी दोनदा मागितली

माझा उजवा अंगठा स्वतंत्र बाण्याचा आहे. एरवी तो गुमान हातात राहतो, तंबाखू मळतो, फायलीची पानं उलटतो. पण मी फोटो काढायला मोबाइल वर केला की हा सगळ्यांच्या पुढं येऊन उभा, जसा काही फोटो त्याचाच काढायचाय. येलदरी धरणाचे दरवाजे उघडले होते तेव्हा मी मुद्दाम गेलो. पाणी असं आदळत होतं की जिंतूरच्या बसस्टँडवर उभ्या माणसाच्या चष्म्यावर तुषार जमत होते. मी फोटो काढला. फोटोत धरण नाही, पाणी नाही. एक गुलाबी डोंगर, आणि डोंगराला नख. मेहुणीच्या लग्नात तर नवरदेवाच्या तोंडासमोर नेमका अंगठा आला, आणि मागचं बाशिंग त्या अंगठ्याच्या टोकावर असं चपखल बसलं की बघणाऱ्यानं अंगठ्यालाच आहेर करावा. मेहुणी अजून विचारते, "दाजी, माझं लगीन कुणासंगं लावलं तेवढं तरी सांगा."

आणि अशा माणसाला ब्लॉग लिहायचा नाद! परभणीत एका कचेरीत मी टेबल सांभाळतो, आणि रविवारी जिल्ह्यातल्या जत्रा, बाजार, खाणंपिणं यांवर लिहितो. वाचक म्हणाल तर अफाट. एक माझी बायको, एक शाळेतला मित्र, आणि कुठल्याशा दूरच्या देशातून प्रत्येक लेखाखाली "फार माहितीपूर्ण, आमचे बूट घ्या" असं लिहिणारा एक प्रेमळ इसम. बायको म्हणते, त्यातला खरा वाचक तो बूटवालाच.

आता ब्लॉगला फोटो लागतो. बिनफोटोचा लेख लोक उघडतात, आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे तसेच माघारी फिरतात. सुरुवातीला मी आपला इंटरनेटवर शोधायचो आणि दिसेल तो फोटो उचलायचो. सगळं जगच तसं करतं. थालीपिठावर लिहिलं तेव्हा एक झकास फोटो लावला, तर दुसऱ्या दिवशी कुण्या बाईंची प्रतिक्रिया: "ते ताट माझं, तो टेबलक्लॉथ माझा, आणि डाव्या बाजूनं करपलंय तेही माझ्याच हातून. फोटो काढा." मी काढला. बायको म्हणाली, "बाई खरी हाय. करपलेलं कबूल करायलीय. तुमी तर आजवर एवढं सांडलं, कवा कबूल केलं का?"

त्या दिवसापासून मी मुक्त परवान्याच्या फोटोंचा भक्त झालो. तुम्हाला खोटं वाटेल, पण जगात असे येडे लोक आहेत की जे डोंगर चढतात, चिखलात पालथे पडतात, एका पाखरासाठी अख्खी सकाळ श्वास धरून बसतात, आणि मग तो फोटो चव्हाट्यावर ठेवून म्हणतात: घ्या, वापरा, पैसा नको. फक्त खाली माझं नाव लिहा. परवाना कोणता ते लिहा. मूळ फोटोचा दुवा द्या, म्हणजे बोट लावलं की माणूस माझ्या पानावर पोचेल. आणि फोटोत काही फेरफार केला असेल, तर काय केला तेही सांगा. झालं, एवढंच!

ते वाचून मला गहिवरूनच आलं. आमच्याकडं देवळाला एक पंखा दिला तर एका पात्यावर देणाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर त्याच्या बापाचं आणि तिसऱ्यावर मुक्काम पोस्ट. पंखा फिरला की खालच्याला नाव वाचता येत नाही, म्हणून तो पंखा बंदच ठेवतात आणि भक्त घामाघूम होऊन देणाऱ्याचं नाव वाचत बसतात. त्या हिशेबानं हे फोटोवाले म्हणजे संतच.

पण संतांच्या कोठारात आपल्या भागाचं काही सापडेल तर शपथ. "परभणी" टाकलं की रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी. पाटी समोरून, पाटी बाजूनं, पाटीखाली झोपलेलं कुत्रं. "पिंगळी" टाकलं तर त्याच पाटीची धाकटी बहीण. "हुरडा" टाकलं की कुठल्या तरी परमुलखातली ज्वारी, माणसापेक्षा दुप्पट उंच, आणि "मराठवाड्यातलं खेडं" म्हटलं की उंट. जिंतूर तालुक्यात उंट! मी तरी काय करणार, उंटाचा फोटो लावला, खाली काढणाऱ्याचं नाव लिहिलं, आणि लेखात एक वाक्य घुसडलं की दुष्काळात कधीमधी उंटही दिसतो. बूटवाल्यानं लिहिलं, फार माहितीपूर्ण.

तर अशा माझ्या प्रामाणिक काळात पोळ्याचा लेख लिहायची पाळी आली.

माझी सासुरवाडी जिंतूरहून येलदरीकडं जाताना लागणाऱ्या एका फाट्याच्या आत आहे. गावाच्या पोळ्यात पहिल्या बैलाचा मान माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणतो, आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखालून आधी मामांचा बैल जाणार, मग बाकीच्यांचे. मग मारुतीला फेरी, मग मंगलाष्टकं. होय, आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात, वर अक्षताही टाकतात. नवरीचा पत्ता नसतो, पण आजवर एकाही बैलानं त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

आता खरं सांगायचं तर मामांचं शेत ट्रॅक्टर करतो. बैलजोडी त्यांनी ठेवलीय ती निव्वळ ह्या मानासाठी. लालकंधारी जोडी, गुळाच्या ढेपेसारखा रंग. त्यातला डावीकडचा बैल इतका म्हातारा की मला वाटतं त्यानं निजामाला पाहिलं असावं. वर्षभर दोघं गोठ्यात रवंथ करतात आणि मामा समोर खाटेवर बसून त्यांच्याकडं बघतात. मामी म्हणतात, "बैलास्नी सरकी पेंड अन् मला बिनदुधाचा चा. औंदा माझ्याच शिंगाला रंग लावा, म्या जाते पुढं."

ह्या मानावर डोळा होता आबांचा. आबा म्हणजे मामांचे सख्खे चुलतभाऊ, राहायला वरल्या आळीत. त्यांचं म्हणणं असं, की ज्याची जोडी शेतात राबती त्याचा मान, खाटेपुढं बसून खाणाऱ्या पेन्शनर बैलांचा कसला मान? त्यांची जोडी पांढरीशुभ्र, तरणीबांड, आणि ते पोळ्याला तिची शिंगं निळीजर्द रंगवतात. दर श्रावणात आबा हा विषय पारावर काढायचे, आणि दर श्रावणात मामा एकच बोलायचे, "ज्या सालाला माझा बैल मागून जाईल, त्या सालाला जोडी बाजारात." एवढं बोलून ते पार सोडायचे. ह्या माणसानं आयुष्यात पेरणीचा, पोरींच्या लग्नाचा, कशाकशाचा म्हणून हट्ट धरला नाही. हा एकच.

मी लेख लिहिला, "आमच्या सासुरवाडीचा पोळा." माझ्याकडं मामांच्या बैलाचे फोटो होते, पण त्यात एका फोटोत शेपूट आणि अंगठा, दुसऱ्यात नुसताच अंगठा. म्हणून गेलो मुक्त फोटोंच्या पानावर. आणि देवाशप्पथ, पहिल्यांदाच माल मिळाला! तोरण, ढोल, गुलाल, आणि तोरणाखालून मान ताठ करून येणारा एक बैल. पांढराशुभ्र, शिंगं निळीजर्द. मला तेव्हा फक्त फोटो सुंदर आहे एवढंच दिसलं. डावीउजवीकडं जरा गिचमिड होती ती कापली, आणि खाली सगळं नियमानं लिहिलं. "छायाचित्र: अमुकतमुक. मुक्त परवान्याखाली. मूळ छायाचित्राचा दुवा येथे. फेरफार: कडा कापल्या आहेत." नाव परदेशी होतं. त्यातली जोडाक्षरं लिहिताना कीबोर्ड दोनदा गरम झाला.

चार दिवसांनी मामींचा फोन.

"जावईबापू, काय छापलं ओ तुमी?"

"का? काय झालं मामी?"

"गावातल्या समद्या मोबाइलवर तुमचा फोटू फिरायलाय. आबा घरोघर दाखवायलाय. म्हणतो, बघा, पुढं कुणाचा बैल हाय? माझा. अन् छापलं कुणी? ह्यांच्याच जावयानं."

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "मामी, तो फोटो आपल्या गावचा नाहीच. इंटरनेटवरून घेतलाय. खाली काढणाऱ्याचं नाव नाही का?"

"नाव हाय की! म्हणून तर समदं इस्कटलं. त्यो माणूस गेल्या पोळ्याला आबाच्या घरी जेवला म्हणं."

"कोण माणूस?"

"त्योच. फोटूवाला. गोरा."

इथं तुम्हाला आमच्या माणसांचं मन समजून घ्यावं लागेल. पोळ्याचा फोटो आहे म्हणजे काढणारा पोळ्याला आला. पोळ्याला आला म्हणजे जेवल्याशिवाय गेला नाही, कारण पोळ्याला आलेला पाहुणा उपाशी गेला तर गावाची अब्रू काय राहिली? जेवला म्हणजे कुणाच्या तरी घरी जेवला. आता घर कोणतं, एवढाच प्रश्न उरतो. आणि आबांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.

बरं, गावात फिरत होता तो लेखाचा नुसता मोबाइलवर काढलेला फोटो. "दुवा येथे" ह्यावर अख्ख्या गावानं बोट दाबून पाहिलं, काहींनी दोन बोटांनी दाबलं, एकानं म्हणे चष्मा काढून दाबलं. फोटोचा फोटो तो, उघडणार काय? त्यामुळं मूळ पानावर कुणी पोचलंच नाही, आणि तो परदेशी पाहुणा दिवसागणिक वाढत गेला. सोमवारी तो नुसता गोरा होता. बुधवारी त्याला लाल दाढी आली. शुक्रवारी त्यानं आबांच्या घरी कटाची आमटी दोनदा मागून घेतली. फोन करून मी सांगत होतो, अरे बाबांनो, फोटो मी लावलाय, मला माहिती आहे तो कुठला नाही ते! पण मला उत्तर काय मिळावं? "तुमी त्या टायमाला परभणीला हुता. आमी हितं हुतो."

इथवर ठीक होतं. पण मग कुणीतरी खालची शेवटची ओळ वाचली: कडा कापल्या आहेत.

शनिवारी संध्याकाळी बायको माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कडंला कोण हुतं?"

"कुठल्या कडंला?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. फोटूच्या कडंला. तुमी स्वतः लिवलंय, कापलंय म्हणून. गावात बोलायलेत, पांढऱ्याच्या पुढं आप्पांचा लाल बैल हुता, तुमीच त्याला कापून टाकलं. फोटू नीट दिसावा म्हणून माझ्या बापाचा बैल कापला तुमी?"

"अगं, मी कशाला कापू? तिकडं नुसती गिचमिड होती."

"माझ्या बापाच्या बैलाला गिचमिड म्हणायलाव?"

म्हणजे बघा. फेरफार लपवला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नियमानं खरं लिहिलं, तर मी बैलकाप्या ठरलो. बायको पुढं जे बोलली ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. म्हणाली, "आप्पा कुणासंगं बोलंनात. खांदेमळण आठ दिवसांवर आली, झूल बाहेर काढली न्हाई, शिंगाला रंग आणला न्हाई. माय म्हणायली, मंगळवारच्या बाजारात जोडी नेतो म्हणालेत."

रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. वाटेत मी मोबाइलवर ते मूळ पान उघडायला लागलो, मागच्या वेळी मी फक्त नाव उतरवून घेतलं होतं, बाकी काही पाहिलं नव्हतं. आता नीट बघितलं. आधी पूर्ण फोटो बघितला. मग फोटोवाल्याच्या नावावर बोट लावलं, त्याची माहिती उघडली. आणि मी एसटीत इतक्या मोठ्यानं हसलो की कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. बायकोनं विचारलं काय झालं, पण मी तिलाही दाखवलं नाही. म्हटलं, ही चीज पारावरच उघडायची.

मामा खाटेवर बसले होते, बैलांकडं तोंड करून. मी पाया पडलो. त्यांनी मान हलवली. बैलाकडंच बघत म्हणाले, "जावईबापू, एकच इचारतो. त्या कापलेल्या कडंत ह्यो हुता का?"

म्हातारा बैल माझ्याकडं असा बघत होता की मला क्षणभर वाटलं, खरंच कापलं की काय मी याला!

"मामा, पारावर चला. सगळ्यांसमोर दाखवतो."

पारावर गाव जमलं होतंच. रविवार, त्यात श्रावण, त्यात भावकीचं भांडण, घरी कोण थांबतं? मधे बसले होते गुरुजी, गावचे रिटायर झालेले हेडमास्तर, त्यांचा शब्द दोन्ही आळ्यांत चालतो. बाया देवळाच्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. आबा फेटा बांधून आले होते. नुसत्या बैठकीला फेटा! पोळा जिंकल्यासारखा.

गुरुजी म्हणाले, "आबा, तुमचं म्हणणं सांगा."

"सांगायचं काय गुरुजी, समद्या गावानं बघितलंय. गेल्या पोळ्याला त्यो साहेब आला. उंच ही एवढा, दारातून वाकून आत आला. लाल दाढी. मांडी घालून बसता येईना, पाट दिला. पुरणाच्या पोळ्या हाणल्या. आमच्या हिच्या हातची आमटी दोनदा मागून घेतली. मग म्हणाला, तुमच्या बैलाचा फोटू काढतो."

"कुठल्या भाषेत म्हणाला?" मामा इतक्या दिवसांत गावासमोर पहिल्यांदा बोलले.

"खाणाखुणा केल्या की!" आबा म्हणाले. "जेवलेल्या माणसाला भाषा लागती व्हय?"

किराणा दुकानवाला पुढं सरकला. "माझ्याकडून बिडी घेतली त्यानं. उलटी पेटवली."

"दाढी म्याच बारीक केली त्याची," आमचा न्हावी म्हणाला. "लय राठ केस. वस्तरा दोनदा घासावा लागला."

मी अगदी गरीब तोंड केलं. म्हटलं, "आबा, एक शंका. दाढी नक्की लालच होती? मेंदी बिंदी नसेल?"

"अस्सल लाल! मक्याच्या कणसाची शेंडी बघा, तशी."

"आणि मिशा?"

"मिशा तर आमटीत बुडायल्या हुत्या. वाटीतून काढून पिळायला लागला."

"माणूस वयानं कसा?"

"गडी तरणा. पैलवान गडी."

"गुरुजी, लिहून ठेवायला पाहिजे हे," मी म्हटलं. "तरणा गडी, लाल दाढी, मिशा आमटीत." आणि पाराच्या सगळ्यात वरच्या पायरीवर चढलो, कारण गावात रेंज येते ती तिथं, मारुतीच्या डोक्याच्या उंचीला. आधी पूर्ण फोटो उघडला आणि मोबाइल मामांच्या हातात दिला.

"ही घ्या मामा, कापलेली कड. आधी डावी बघा."

मामांनी मोबाइल डोळ्यांना लावला. लांब धरला. परत जवळ आणला. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं.

"ही तर शेळी हाय," मामा म्हणाले.

"शेळीच आहे. तोरणाची पानं खायलीय. आता उजवी बघा."

"दुकान हाय. पाटी हाय." ते अडखळत वाचायला लागले. पाटीवर दुकानाच्या नावाखाली गावाचं नाव, तालुका, आणि जिल्हा वर्धा. मामांनी 'वर्धा' तीन वेळा वाचलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. मग त्यांनी त्या शेळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "म्हंजी शेळी कापली व्हय तुमी." त्यांच्या आवाजात शेळीबद्दल काडीचं दुःख नव्हतं.

आबा एवढ्यानं हटणारे नव्हेत. "पाटी काय, कुणी बी कुठं बी लावंल! माणूस तर जेवला ना माझ्या घरी? त्याचं नाव खरं हाय ना?"

"नाव शंभर टक्के खरं आहे आबा. त्या माणसाचा फोटोच दाखवतो की. म्हणजे ओळख पटेल." मी नावावर बोट लावलं. पान उघडायला वेळ लागत होता. मधलं चाक गरगर फिरत होतं आणि अख्खं गाव श्वास रोखून त्या चाकाकडं बघत होतं. मग फोटो उघडला, आणि मी मोबाइल गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "आबा, ही बाई आहे."

मोबाइल हातोहात फिरला. पिकल्या केसांची, गोल चेहऱ्याची, सत्तरीच्या घरातली एक म्हातारी, डोक्यावर गवती टोपी, मांडीवर जाडजूड मांजर. खाली तिनं स्वतःबद्दल लिहिलं होतं, की ती एका शाळेत शिकवायची, आता रिटायर आहे, आणि फिरते तिथले फोटो लोकांसाठी मोकळे सोडते. हनुवटीवर एक केस नव्हता.

"आबा," गुरुजी म्हणाले, "दाढी कुठं गेली?"

सगळ्यांनी न्हाव्याकडं बघितलं. न्हावी म्हणाला, "म्या तर लयच बारीक केली हुती."

मग जे हसू फुटलं त्यानं देवळावरची कबुतरं उडून थेट येलदरीला गेली, अजून परत आलेली नाहीत. आबांचा फेटा हसणाऱ्यांच्या वाऱ्यानं हलला. ते काही बोलायला गेले, तेवढ्यात ओट्यावरच्या बायांमधून आबांच्या घरच्या काकूंचा आवाज आला, "म्या कवापासून म्हणायले, आपल्या घरी कुणीबी आलं न्हाई! आमटी ह्यांनीच दोनदा मागून खाल्ली!"

गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, फोटोनं मान ठरत नसतो. मान जिथं आहे तिथंच राहील. आबा फेटा सोडून काखेत मारून निघाले, पण जाता जाता थांबले आणि मनापासून बुचकळ्यात पडल्यासारखे म्हणाले, "मग गेल्या सालाला जेवून गेला त्यो कोण?"

मामा तडक घरी निघाले. दारातून आत पाय टाकल्या टाकल्या मामींना म्हणाले, "माळ्यावरची घुंगरं काढ. अन् खांदेमळणीला बैलांचे खांदे चोळायला लोणी किती हाय बघ." मामी म्हणाल्या, "लोणी हाय. चा मात्र बिनदुधाचाच मिळंल."

त्या म्हातारीला मी सगळी हकिगत लिहून कळवली. तिच्या फोटोच्या पानावरून तिला निरोप धाडता येतो. तिचं उत्तर आलं, की आजवर तिचे फोटो पुष्कळांनी घेतले, बऱ्याच जणांनी नावही लिहिलं, पण नावाला दाढी फुटलेली तिनं पहिल्यांदाच ऐकली. आणि आमटी म्हणजे काय, ती मिळेल का? मामींनी कटाच्या आमटीची कृती सांगितली, मी पाठवली. मामींनी बजावून सांगितलं, खाली माझं नाव लिवा, अन् ही आमटी आबाच्या घरची न्हाई हे बी लिवा. परवान्याचं मर्म त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

पोळ्याला आम्ही गेलो. तोरण, ढोल, गुलाल, सगळं त्या फोटोतल्यासारखंच. शेळीसुद्धा होती, पण तिला मी ह्यावेळी पूर्ण मान दिला. मामांनी जोडीला अशी सजवली होती की बाशिंग, झूल, गोंडे यांच्या आत बैल आहेत हे मानून घ्यायला लागत होतं. म्हातारा बैल वेशीपाशी आला आणि थांबला. सगळ्या गावाचा ताफा मागं, आबांची पांढरी जोडी फुरफुरतेय, आणि हा बापडा तोरणाकडं बघत उभा. ढोलवाले दमले. मामांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि बैल सांगणाऱ्यातला नाही. मग त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तोरणाखालून पलीकडं गेला.

मी नेमका तेव्हा फोटो काढला.

संध्याकाळी मामा खाटेवर बसले होते. म्हणाले, दाखवा. मी मोबाइल पुढं केला. तोरण बरोबर आलं होतं. बैल बरोबर आला होता, शिंगापासून खुरापर्यंत, आणि सगळ्यांच्या पुढं. बैलाच्या शेजारी, जिथं मामा कासरा धरून चालत होते, तिथं एक गुलाबी डोंगर होता. नखासकट.

मामा मोबाइलवर वाकले. "मी कुठंय?"

"मामा, तुम्ही ह्या अंगठ्याच्या मागं."

मला वाटलं, आता जोडीसोबत जावईही बाजारात जातो. पण मामांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला, तसेच उठले आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते थेट वरल्या आळीत, आबांच्या ओट्यावर जाऊन बसले. आबांच्या पुढ्यात मोबाइल धरला आणि एकेका गोष्टीवर बोट ठेवून सांगायला लागले:

"हे तोरण आपल्या गावचं. ह्यो बैल माझा. ह्यो अंगठा माझ्या जावयाचा. अन् ह्याच्या मागं मी हाय."